जुनी फाईल आणि नवा संगणक

जुन्या संगणकावर तयार केलेली प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर उघडावी आणि मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसावी, अथवा नव्यावर लिहिलेले पत्रक जुन्यावर उघडूच नये, असे शाळांतून पुष्कळदा घडते. फाईल बिघडली असे समजून ती काढून टाकण्याची घाई होते. वस्तुतः हे दोन निराळे दोष असून त्यांचे उपायही निराळे आहेत.

पहिला दोष रचनेचा. वर्डच्या १९९७ ते २००३ पर्यंतच्या आवृत्त्या ‘डॉक’ या रचनेत मजकूर साठवीत. २००७ च्या आवृत्तीपासून ‘डॉकएक्स’ ही रचना रूढ झाली. तिच्यात मजकूर, चित्रे व मांडणी यांचे वेगवेगळे भाग एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. नव्या आवृत्तीला जुनी रचना सहसा वाचता येते. जुनीला हे गाठोडे स्वतःहून सोडविता येत नाही. म्हणून जुन्या संगणकाकडे पाठवावयाची फाईल नव्यावरच ‘डॉक’ रचनेत साठवावी. केवळ छापावयाची असल्यास पीडीएफ करावी.

दुसरा दोष अक्षरांचा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ साठविला जात नाही. साठविला जातो तो रोमन लिपीतील लहान ‘डी’, आणि फॉन्ट त्या जागी ‘क’ चे चित्र दाखवितो. फॉन्ट नसला की मूळ ‘डी’ उघडा पडतो. मजकूर नष्ट झालेला नसतो; तोच फॉन्ट बसविताच तो पूर्ववत दिसतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरी अक्षरांना स्वतंत्र क्रमांक दिले. त्यामुळे युनिकोडमधील फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’ च राहतो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी व रफार विशेष तपासावेत. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये नंतर; रफाराचे नेमके उलट असते. रूपांतरात चूक होते ती बहुधा येथेच, आणि विद्यार्थ्याचे नाव चुकले तर ते दाखल्यावरही चुकीचेच उतरते.

यास्तव रूपांतर नेहमी प्रतीवर करावे व मूळ फाईल जपून ठेवावी. रूपांतरित यादी मूळ कागदाशी नावागणिक ताडून पाहिल्यावरच वापरात आणावी.