छायाचित्रांतील सम आणि विषम

हल्लीं घरोघरीं मोबाइल फोन झाला आणि त्याबरोबर कॅमेराहि घरोघरीं आला. पूर्वीं लग्नमुंजीच्या प्रसंगीं छायाचित्रकारास मुद्दाम बोलवावें लागे; आतां मुंजीचा बटूच आपल्या आजोबांचें छायाचित्र घेतो. साधन सुलभ झालें ही आनंदाची गोष्ट होय; परंतु चौकटींत कोणास कोठें बसवावें, हा विचार बहुधा होत नाहीं. "मध्यें या, सरळ उभे राहा" एवढ्या दोन आज्ञांवर सारें काम चालतें. या आज्ञा कोठें हितकर आणि कोठें घातक, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संस्कृत छंदःशास्त्रांत वृत्तांचे तीन भेद सांगितले आहेत. ज्याचे चारहि चरण सारखे तें समवृत्त. ज्याचा पहिला व तिसरा चरण एका मापाचा आणि दुसरा व चौथा दुसऱ्या मापाचा तें अर्धसमवृत्त. आणि ज्याचे चरण परस्परांहून भिन्न तें विषमवृत्त. शार्दूलविक्रीडिताच्या प्रत्येक चरणांत १९ अक्षरें येतात, म्हणून तें सम. भारवीनें किरातार्जुनीयाच्या बाराव्या सर्गांत योजिलेलें उद्गता हें विषम. परंतु विषमवृत्त म्हणजे नियमहीन वृत्त नव्हे. त्यांतील प्रत्येक चरणास आपला नियम आहे. फक्त तो शेजाऱ्याचा नियम नाहीं. छायाचित्राच्या रचनेसहि हाच विवेक लावितां येतो.

प्रथम सम रचना घेऊं. हिचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आग्र्याचा ताजमहाल. शहाजहानची बेगम मुमताजमहल १६३१ सालीं बुऱ्हाणपुरास वारली. तिच्या स्मरणार्थ ही वास्तु उभी राहिली. मुख्य इमारतीच्या पश्चिमेस मशीद आहे. ती एकटीच एका बाजूस असती तर दृश्याचा तोल गेला असता, म्हणून पूर्वेस तशीच दुसरी इमारत बांधली. तिला 'जवाब' म्हणतात. मशिदीस उत्तर देणें हेंच तिचें मुख्य काम.

अशा वास्तूचें छायाचित्र घेतांना मध्यरेषेवरच उभें राहावें. पाऊलभर सरकलें तरी पुढचा पाण्याचा पाट आणि मागचें महाद्वार यांचा मेळ चुकतो. कॅमेरा वर कलविला तर मिनार आंत झुकल्यासारखे दिसतात. सम रचनेंत 'जवळजवळ' चालत नाहीं. ती अचूक तरी असावी, नाहीं तर मुळींच नसावी. किंचित् चुकलेली सममिती पाहणाराला हयगय वाटते. देऊळ, दीपमाळ, लांब ओसरी, स्थिर पाण्यांतील प्रतिबिंब यांना ती शोभते. तिच्यांत स्थैर्य असतें, गांभीर्य असतें आणि अधिकारहि असतो. दरबारांत सिंहासन मध्यभागीं मांडतात तें उगीच नव्हे.

परंतु याच ताजमहालाच्या गाभ्यांत बरोबर मध्यभागीं कबर आहे ती मुमताजची. शहाजहान १६६६ सालीं वारला. त्याची कबर तिच्या पश्चिमेस आली, आणि ती आकारानें मोठी आहे. एवढ्या काटेकोर वास्तूंत बादशहा स्वतःच एका बाजूस आहे! त्याला 'जवाब' नाहीं. तरी त्यामुळें ताजमहाल बिघडला असें कोणी म्हणत नाहीं.

आतां विषम रचना. हिचें मर्म आम्ही शाळेंत तरफेचा धडा शिकवीत असूं, त्यांत आहे. टेकूपासून दोन फुटांवर चाळीस किलोचा मुलगा बसला, तर दुसऱ्या बाजूस चार फुटांवर वीस किलोचें मूल त्यास तोलून धरतें. तराजूला दोन्हीकडे सारखें वजन लागतें. तरफेला लागत नाहीं. चित्रांतहि वजन असतें. मोठी वस्तु जड, काळोखा भाग जड, आणि मनुष्याचा चेहरा तर आकाराच्या मानानें फारच जड. शिवाय वस्तु मध्यापासून जितकी दूर, तितका तिचा भार अधिक.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानें १९३२ सालीं दक्षिण फ्रान्सांतील इएर गांवीं घेतलेलें एक चित्र या दृष्टीनें पाहावें. बरेंचसें चित्र वळसा घेत उतरणाऱ्या जिन्यानें आणि त्याच्या लोखंडी कठड्यानें व्यापलें आहे. वर डाव्या अंगास रस्त्यावरून एक सायकलस्वार चालला आहे, तोहि वेगामुळें अस्पष्ट. तो लहानसा स्वार बोटानें झाकला तर सारा जिना ओसाड वाटूं लागतो.

नवशिक्यांसाठीं तृतीयांशाचा नियम उपयोगी आहे. चौकटीच्या उभ्या-आडव्या तीन समान पट्ट्या कल्पाव्या, आणि मुख्य वस्तु त्यांच्या रेषांवर किंवा छेदबिंदूंवर ठेवावी. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रजानें चित्रकलेविषयीं लिहितांना १७९७ सालीं या नियमास नांव दिलें. छायाचित्रण जगापुढें जाहीर झालें १८३९ सालीं. या रेषा बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर दाखवितां येतात. मनुष्य ज्या दिशेस पाहत असेल, त्या बाजूस जागा अधिक सोडावी.

विषम रचना मानाच्या जागाहि बदलूं शकते. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनीं १९४६ सालीं पुण्यास घेतलेलें गांधीजींचें छायाचित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांत पुढें, मोठा, चरखा आहे. गांधीजी त्याच्या मागें जमिनीवर बसून कांहीं वाचीत आहेत. गांधीजींना मध्यें बसवून त्यांची तसबीर काढतां आली असती. पण मानाची पुढची जागा चरख्याला मिळाली, आणि त्यामुळेंच मागें बसलेला पुरुष आपणांस अधिक कळतो.

आतां आमच्याच एका चुकीची हकीकत सांगतों. १९९४ सालीं आमच्या शाळेंतील दहावीच्या निरोपाचें छायाचित्र काढावयाचें होतें. मांडणी आम्हांकडे होती. मुख्याध्यापक मध्यें, त्यांच्या दोहों बाजूंस सहा-सहा शिक्षक, मागें उंचीप्रमाणें मुलें. उजव्या टोकास, घंटेखालीं, शाळेचे शिपाई येऊन उभे राहिले. मुलें त्यांना मामा म्हणत, आम्हीहि मामाच म्हणत असूं. डावीकडे त्यांच्या जोडीस कोणी नव्हतें. छायाचित्रकार म्हणाला, "सर, एक बाजू जड होतेय." आम्हीं म्हटलें, "मामा, तुम्ही जरा बाजूला व्हा." ते हंसले, "बरं गुरुजी," म्हणाले आणि बाजूला झाले.

पुढें मामा वारले. त्यांची मुलगी आमच्याकडे आली. बाबांचा शाळेंतला एखादा फोटो असला तर तिला हवा होता. आम्हीं जपून ठेवलेलीं सारीं चित्रें काढिलीं. एकाहि चित्रांत मामा नव्हते. १९९४ च्या चित्रांत घंटा आहे. घंटेखालची जागा मोकळी आहे. तिला आम्हीं खरें कारण सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. त्या घंटेचेंच मोबाइलवर छायाचित्र घेऊन ती गेली.

तें चित्र पाहतांना आतां कळतें कीं रचनेच्या दृष्टीनेंहि आम्हीच चुकलों होतों. कॅमेरा थोडा उजवीकडे वळविला असता, म्हणजे शिक्षकांची रांग चौकटींत डावीकडे आली असती, आणि उजव्या टोकास एकटे मामा व त्यांची घंटा यांनीं ती रांग तोलून धरली असती. तरफेचा धडा वर्गांत वर्षानुवर्षें शिकविणाऱ्यास तो मैदानांत सुचला नाहीं. कारण उघड आहे. मुख्याध्यापक त्या टोकास उभे असते, तर "बाजूला व्हा" असें आम्हीं त्यांना म्हटलें नसतें. कॅमेराच वळविला असता.

म्हणून वाचकांस आमची एवढीच सूचना आहे. देवळाची मध्यरेषा अवश्य सांभाळावी. पण माणसें चौकटींत घेतांना प्रथम सर्वांस घ्यावें आणि तोल मागाहून शोधावा. एखादें माणूस उरलें तर कॅमेरा दोन पावलें मागें न्यावा. येत्या दिवाळींत घरचा फोटो निघेल, तेव्हां पोळ्या करणाऱ्या बाईंना स्वयंपाकघरांतून हांक मारावी. त्यांच्या जोडीस दुसऱ्या बाजूला कोणी नसलें तरी चालेल.