मावशी, टीव्ही आणि मी

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे... होस्टेलचा टीव्ही!

आमच्या मेसच्या मावशी रात्री भांडी आवरली की अर्धा तास मालिका बघायला टीव्ही रूममध्ये यायच्या. दिवसभरात त्या बसायच्या तेवढ्याच. मागच्या टर्मला नवा एलईडी टीव्ही आला आणि मावशी यायच्याच बंद झाल्या. विचारलं तर म्हणाल्या, "नको गं बाई, डोळ्यांत टोचतं. आणि माणसं बघ की, शेंदूर फासल्यासारखी!"

"थांबा, मी करते नीट!" थर्ड इयर इलेक्ट्रॉनिक्स ना मी! रिमोट घेतला आणि ब्राइटनेस खाली आणला. झालं! नायिकेचे केस, काळी साडी, मागचा अंधार सगळं एकच. मावशी हसत उठून गेल्या. ब्राइटनेसचं स्पेलिंग मला तिसरीपासून येतं, पण अर्थ माहीत नव्हता हे त्या दिवशी कळलं. मग एक अख्खा रविवार मॅन्युअल आणि रिमोट घेऊन बसले. जे समजलं ते असं.

पहिला गुन्हेगार म्हणजे पिक्चर मोड. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' हा मोड दुकानासाठी असतो. तिथे लख्ख ट्यूबलाइटमध्ये दहा टीव्ही शेजारी-शेजारी, गिऱ्हाइकाची नजर आपल्यावर पडावी म्हणून भडक रंग, निळसर पांढरा, सगळं फुल्ल! रात्रीच्या खोलीत ते टोचणारच. 'मूव्ही', 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, अर्धं काम तिथेच होतं.

आता नावांची गंमत. पडद्यामागच्या दिव्याचा उजेड कमी-जास्त करतो तो 'बॅकलाइट'. डोळ्यांत टोचत असेल तर हा कमी करायचा. 'ब्राइटनेस' बहुतेक टीव्हींवर काळा रंग किती काळा ते ठरवतो. (काही नव्या टीव्हींवर बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात आणि काळ्याच्या सेटिंगला 'ब्लॅक लेव्हल', म्हणजे आणखी घोळ!) 'कॉन्ट्रास्ट' पांढऱ्याची बाजू सांभाळतो.

हे जुळवायला मशीन लागत नाही. पेनड्राइव्हवरचा सिनेमा रात्रीच्या सीनला पॉज करा. काळ्या केसांच्या बटा दिसेनाशा होईपर्यंत ब्राइटनेस खाली न्या, मग बटा जेमतेम दिसतील इतकाच वर आणा. जास्त वाढवलात तर काळा राखाडी होतो. कॉन्ट्रास्टसाठी कसोटी क्रिकेट बेस्ट! पांढऱ्या शर्टाच्या चुण्या नाहीशा झाल्या की समजायचं जास्त झाला. चुण्या दिसेपर्यंत मागे या.

'कलर' चेहऱ्यांवरून जुळवा, लाल गालिच्यावरून नाही. लाल कसाही असला तरी चालून जातो, पण माणसाच्या कातडीचा रंग चुकला की लगेच खटकतो. 'कलर टेम्परेचर' मात्र 'वॉर्म' ठेवा. स्टुडिओत पांढऱ्याचं प्रमाण साधारण ६५०० केल्विन धरतात, आणि 'वॉर्म' सेटिंग बहुधा त्याच्या जवळ असतं. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. 'शार्पनेस' वाढवून जास्त डिटेल येत नाही. टीव्ही फक्त कडांना खोट्या रेघा मारतो. तो जवळजवळ शून्यावर आणा.

शेवटचं, 'मोशन स्मूदिंग'. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी शूट होतो. टीव्ही मधली चित्रं मनाने बनवून घुसडतो आणि मोठा सिनेमा घरगुती व्हिडिओसारखा दिसायला लागतो. २०१८ साली टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं! मॅचला चालू ठेवलं तर माझं काही म्हणणं नाही.

सगळं जुळवलं, टीव्हीसमोरची ट्यूबलाइट बंद केली (तिची रेघ पडद्यावर पडायची) आणि मावशींना हाताला धरून आणलं. पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. माझ्या पोटात गोळा! मग म्हणाल्या, "अगं, हिची साडी आमसुली आहे होय? मी इतके दिवस लाल समजत होते!" आणि मालिका संपेपर्यंत बसल्या.

तर मंडळी, एकच विनंती. सगळे आकडे कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवलेत. आयपीएलला खुशाल व्हिव्हिड लावा, पण मॅच संपली की कागद बघून परत करा. साडेनऊला मावशी येतात.