प्राथमिक शाळा : मुलाचे रक्षण आणि मुलाचा शब्द

शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपल्या समाजात एखादी भयानक घटना घडल्याशिवाय चर्चेला येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला. मुलींनी घरी सांगितले, पालकांनी विश्वास ठेवला. परंतु पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून घेईपर्यंत त्यांना तासन्‌तास ताटकळावे लागले. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा शासन जागे झाले. कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य-पडताळणी करा, तक्रारपेटी लावा, असे आदेश त्याच महिन्यात निघाले. हे उपाय करायलाच हवेत. पण त्या घटनेत उणीव कशाची होती? मुली बोलल्या होत्या. त्यांचे बोलणे वेळेवर ऐकून घेणारी व्यवस्था नव्हती. प्राथमिक शाळेतल्या मुलाचे रक्षण हे त्या मुलाच्या शब्दाला किती किंमत आहे यावर अवलंबून असते; आणि आपल्याकडे शब्दाची किंमत जातीवर व मजुरीवर ठरत आलेली आहे. म्हणून हा दलित चळवळीचाही प्रश्न आहे, असे मला वाटते.

मी इचलकरंजीचा. १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग आला आणि पुढे गल्लोगल्ली माग खडखडू लागले. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, एका आठवड्याला दिवसपाळी तर दुसऱ्या आठवड्याला रातपाळी, हा येथल्या कामगाराचा जुना शिरस्ता. मजुरी निघालेल्या कापडावर. माग थांबला की मजुरी थांबली. आई कांड्या भरायला जाते. शाळा सुटते तेव्हा बाप मागावर असतो, नाहीतर रातपाळी करून झोपलेला असतो. ‘पालकांना आस्था नाही, बोलावले तरी येत नाहीत’ अशी तक्रार शिक्षक करतात. सकाळी अकराला सभा ठेवायची आणि यायला जमले नाही की आस्था नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?

माझी स्वतःची एक आठवण सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा शाळा पुष्कळ होत्या. तिसरीत असताना वर्ग झाडण्याच्या आणि मुतारीत पाणी टाकण्याच्या पाळ्या लागत. यादीत सगळ्यांची नावे असत. मुतारीकडे मात्र आमच्या वस्तीतली चार पोरेच जात. एकदा बादली घेऊन जाताना मी घसरलो आणि फुटक्या फरशीने गुडघा फाटला. गुरुजी म्हणाले, “जरा बघून चालावं की रं.” घरी आल्यावर मी आईला म्हणालो, मला तिकडे जायचे नाही. वडील रातपाळीला निघाले होते. ते म्हणाले, “गप बस. गुरुजींच्या म्होरं तोंड उघडू नगंस. नाव कमी केलं तर परत कोण घेणार तुला?”

वडील भित्रे नव्हते. त्यांना शाळा मिळाली नव्हती. मला मिळालेली हातची जाऊ नये, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण शाळेत काहीही झाले तरी घरी सांगायचे नाही, हा धडा मी त्या दिवशी शिकलो आणि चौथी सुटेपर्यंत पाळला. माझे गुडघ्यावर निभावले. परंतु मुलांवर अत्याचार करणारा माणूस नेमके असेच मूल हेरतो, जे बोलणार नाही, आणि बोललेच तर ज्याच्या मागे कोणी उभे राहणार नाही.

याची मुळे खोल आहेत. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. दुसऱ्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, इचलकरंजीजवळच्या माणगावला त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व परिषदेपुढे जाहीर केले. त्या बाबासाहेबांचे साताऱ्याच्या शाळेतले दिवस आपल्याला माहीत आहेत. बसायला घरून आणलेले गोणपाट, पाण्याच्या नळाला हात लावायचा नाही, आणि नळ सोडणारा शिपाई हजर नसला की तहान तशीच राहायची. नाव हजेरीपटावर होते, पण शाळेच्या समूहजीवनात जागा नव्हती. प्रवेशाची लढाई बरीचशी जिंकली गेली. समूहजीवनाची लढाई अजून चालू आहे, आणि ती पाणी, जेवण, झाडू आणि पंगत या चार ठिकाणी चालते.

पाण्याचेच पाहा. २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. पंचगंगेचे प्रदूषण हा या भागाचा जुना रोग. ज्याच्या घरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असते त्याचे मूल बाटली घेऊन येते. ज्याच्या घरी नसते ते शाळेच्या टाकीवर विसंबते. टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारण्याचा अधिकार त्या मुलाच्या आईला आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

जेवणाचेही तसेच. १९९५ च्या योजनेत आम्हाला दरमहा तीन किलो तांदूळ घरी मिळत. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २००४ मध्ये स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. एका पंगतीत, दलित बाईच्या हातचे जेवण हा न्यायालयाने दिलेला समतेचा पाठच होता. पण हात नेमला तरी शब्द ऐकला जातोच असे नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामण येथे शाळेतल्या जेवणात कीटकनाशक गेले आणि २३ मुले मेली. तेलाला वास येतो असे स्वयंपाकीण बाईने आधी सांगितले होते, ते मुख्याध्यापिकेने ऐकले नाही, असे चौकशीत पुढे आले. गरिबाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय अशी जीव घेते.

आता कायदा काय म्हणतो, ते पाहू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे. जातीवरून टोमणा मारणे, ठराविक मुलांनाच मुतारी धुवायला लावणे, हा छळच आहे. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना भेदभावाची वागणूक मिळणार नाही हे पाहण्याची जबाबदारी कलम ८ व ९ ने शासनावर आणि स्थानिक संस्थेवर टाकली आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व हवे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा त्याहून स्पष्ट आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. न कळवणे हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेची अब्रू जाईल, आपण आतच मिटवू’ हे म्हणण्याला कायद्यात जागा नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घातलेल्या पोलीस अधिकाऱ्याने, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, घ्यायचा असतो. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

कायदे आहेत, मग अडते कुठे? अडते ते समितीच्या वहीवर. वही घरी येते, आई अंगठा किंवा सही देते आणि सभा झाली असे लिहिले जाते. तक्रारपेटी भिंतीवर असते. पहिलीच्या मुलाला तिथपर्यंत हात पुरत नाही आणि लिहिताही येत नाही. कॅमेरा दाराशी असतो, अपमान वर्गात होतो.

येथे कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना काम आहे. समितीची सभा मागाच्या सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी बदलण्याच्या वेळेला धरून, वस्तीत घेण्याचा आग्रह धरावा. सदस्यांची यादी शाळेच्या दारावर लावायला सांगावी आणि त्यात आपल्या वस्तीतल्या किती आया आहेत ते मोजावे. सफाईचे काम कोणाकडून करून घेतले जाते, पंगत कशी बसते, टाकी कधी धुतली, हे तीन प्रश्न प्रत्येक सभेत विचारावेत आणि उत्तर वहीत लिहून घ्यावे. शाळा सुटल्यावर आई-बाप येईपर्यंत मूल कुठे असते, याचा विचार वस्तीने एकत्र बसून करावा. समाजमंदिरात दोन तास अभ्यासवर्ग चालवणे कॉलेजच्या मुलांना अवघड नाही. मात्र तेथेही एकट्या माणसाच्या ताब्यात मुले देऊ नयेत, मग तो कितीही मोठा कार्यकर्ता असो. आपल्या चळवळीतली माणसेही या नियमाला अपवाद नाहीत.

शिक्षकांनाही एक सांगणे आहे, कारण मी त्यांच्यातलाच आहे. मूल काही सांगू लागले तर ‘नंतर बघू’ म्हणू नका. त्या वेळी ऐकले नाही तर ते पुन्हा सांगणार नाही.

माझी मुलगी आता दुसरीत आहे. ती घरी आली की मी आज काय शिकलीस हे नंतर विचारतो. आधी विचारतो, आज काय झालं? परवा ती म्हणाली, “बाबा, बाईंनी मला विनाकारण ओरडलं. मी त्यांना सांगितलं, माझी चूक नव्हती.” बाई काय म्हणाल्या, असे मी विचारले. “म्हणाल्या, बरं, माझं चुकलं.” माझ्या वडिलांना हे ऐकायला मिळाले नाही. प्रत्येक वस्तीतल्या मुलाला असे घरी येऊन सांगता आले पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक शाळेच्या समितीत आपण बसले पाहिजे.