पेवातला कंदील

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं होती, काही अजून आहेत. जमिनीच्या पोटात खोल खड्डा आणि वरून तोंड बंद. पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरत नाही, कारण आतल्या कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. तोंड उघडं ठेवून वाट पाहायची, आणि जुन्या रीतीप्रमाणे दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर थांबायचं. हा कंदील हवेपुरतं सांगतो. हळद किती आहे, तिला कीड लागली का, हे त्याला विचारायचं नसतं.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात रक्त तपासून जे आकडे काढतात, ते मला या कंदिलासारखे वाटतात. मिरजेत कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या लॅबबाहेर तासभर बसलं तर हे आकडे माणसांना कसे छळतात ते दिसतं. विटा, जत, पाटण, पलीकडून अथणी, चिकोडी, सगळीकडून माणसं आलेली. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत फाइल. रिपोर्ट आला की आधी ठळक छापलेला आकडा शोधायचा आणि मग शेजारच्या अनोळखी माणसालाच विचारायचं, ‘म्हणजे लास्ट स्टेज का हो?’

स्टेज रक्तावरून ठरत नाही. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, जवळच्या किती लसिका ग्रंथींत पोचली, यकृत-फुप्फुसापर्यंत गेली का, यावर ती ठरते. त्यासाठी स्कॅन लागतो आणि काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. किमान बारा ग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे. पण एकाच स्टेजचे दोन रुग्ण, एकच ऑपरेशन, आणि तरी एक दहा वर्षं शेती करतो, दुसऱ्याचा आजार दीड वर्षात उलटतो. हा फरक आधी कळेल का, एवढ्यासाठी रक्ताकडे वळायचं.

त्यातला सगळ्यात जुना आकडा सीईए. १९६५ साली कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या गाठीत हे प्रथिन सापडलं. मोठ्या माणसाच्या निरोगी आतड्यात ते फार कमी असतं, गर्भातल्या बाळाच्या आतड्यात मात्र असतं. (मिरजेला वैद्यकीय गाव बनवणारे डॉ. विल्यम वानलेस हेही जन्माने कॅनडाचेच. १८८९ मध्ये ते सांगलीत आले आणि १८९४ मध्ये त्यांचं मिरजेचं रुग्णालय सुरू झालं. निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) गोल्ड-फ्रीडमन यांच्या शोधानंतर चार वर्षांनी हे प्रथिन रक्तातही मोजता आलं आणि कर्करोग ओळखणारी रक्तचाचणी सापडली असा गाजावाजा झाला. तो टिकला नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए वाढलेलं असू शकतं, यकृताच्या दुखण्यात वाढतं, आतड्याला सूज असली तरी वाढतं. उलट गाठ असूनही बऱ्याच रुग्णांचं सीईए नॉर्मलच येतं. तरी आजही ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून ते घातलेलं असतं. धडधाकट माणसाने ते करून घेऊ नये. नॉर्मल आलं तर खोटा दिलासा, वाढलं तर महिनाभर झोप नाही.

निदान झाल्यावर मात्र तोच आकडा कामाला येतो. ऑपरेशनआधी सीईए पाचाच्या वर असेल तर आजार उलटण्याचा धोका जास्त धरतात. गाठ पूर्ण निघाली असेल तर चार ते सहा आठवड्यांत ते खाली यायला हवं. आलं नाही, तर कुठेतरी काहीतरी मागे राहिलंय अशी शंका घ्यायची. पुढे पाच वर्षं, दर तीन ते सहा महिन्यांनी मोजायचं. इथे एका आकड्यापेक्षा आकड्यांची रांग बोलते: २, २.३, ४, ७ अशी चढती रांग दिसली, तर सातावर थांबून वाद घालायचा नाही, स्कॅन करायचा. केमोच्या सुरुवातीच्या आठवड्यांत औषधामुळेही ते तात्पुरतं वाढू शकतं. आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राची मोजणी थोडी वेगळी पडते. आज कराड, पुढच्या वेळी पुण्यातल्या मुलाकडे गेलो म्हणून तिकडची लॅब, असं केलं की रांगच मोडते.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, कारण तो जवळजवळ फुकट आहे. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे टक्के लिहिलेले असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. ६० आणि ३० असतील तर उत्तर दोन, ८० आणि १२ असतील तर साडेसहाच्या पुढे. हे गुणोत्तर जितकं मोठं, तितका पुढचा प्रवास अवघड, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. न्यूट्रोफिल हे दाहाचं सैन्य आणि लिम्फोसाइट गाठीशी लढणारं. पहिलं फुगतं आणि दुसरं रोडावतं तेव्हा शरीर चुकीच्या आघाडीवर दमतंय असं समजायचं. पण धोक्याची रेघ कुणी तीनवर मारतं, कुणी पाचवर. शिवाय दाढ सुजली, ताप आला, स्टिरॉइड चालू असलं तरी हे गुणोत्तर चढतं. ग्लासगोच्या डॉक्टरांनी रक्तातल्या सीआरपी आणि अल्ब्युमिन या प्रथिनांचे आकडे जोडून असाच हिशेब बसवला आहे: सीआरपी दहाच्या वर आणि अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली, दोन्ही असेल तर सगळ्यात वाईट गुण.

अल्ब्युमिनवरून एक ठरलेला प्रश्न येतो, मग बाटली चढवून वाढवायचं का? रिपोर्टातला आकडा वाढेल. भविष्य त्याने बदलत नाही, कारण अल्ब्युमिन शरीरातल्या आगीमुळे पडलेलं असतं. विझलेला कंदील वर घेऊन पुन्हा पेटवला म्हणून पेवातली हवा सुधारत नाही.

आता नवी गोष्ट. गाठीच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात आणि ते आता शोधता येतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘डायनॅमिक’ नावाच्या अभ्यासात दुसऱ्या स्टेजचे ४५५ रुग्ण होते. या स्टेजला ऑपरेशनने बहुतेक जण बरे होतात, मग केमो कुणाला द्यायची हा जुना घोळ. एका गटात डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने ठरवलं, दुसऱ्या गटात ऑपरेशननंतर चौथ्या किंवा सातव्या आठवड्यात रक्तात हे तुकडे सापडले तरच केमो दिली. २०२२ मध्ये निकाल आला: केमोचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ वर उतरलं आणि दोन वर्षांत आजार न उलटलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ९२-९३ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. हाताला मुंग्या आणणारी, उसाच्या लागणीच्या दिवसांत माणसाला अंथरुणाला खिळवणारी केमो टळते, ही लहान गोष्ट नाही. रक्तातले हे तुकडे शोधण्याची चाचणी अजून महाग आहे, सीईएसारखी गावोगावच्या लॅबमध्ये होणारी नाही.

पण आधी कळलं म्हणजे आयुष्य वाढलंच, असं समजू नये. ब्रिटनमधल्या ३९ रुग्णालयांत बाराशे रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०१४) सीईए किंवा स्कॅनने नियमित पाळत ठेवल्यावर परतलेली गाठ ऑपरेशनने काढता येण्याचं प्रमाण वाढलं. मृत्यूंच्या आकड्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. रुग्णाला हे सांगणारे डॉक्टर थोडे भेटतात, आणि फाइल घेऊन पाच वर्षं येत राहायचं की नाही हे ठरवायला त्याला ते ठाऊक असायला हवं.

आपल्याकडे रुग्ण तरुण असतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या नोंदींत सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे. आणि ते उशिरा येतात. शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध, हे घरातल्या सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं असतं, आणि गॅरंटी देणारी पाटी एसटी स्टँडसमोर असतेच. साडीच्या दुकानाच्या त्या पिशवीत तळाशी कधी कधी वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा एक सीबीसी सापडतो. पंचेचाळिशीतल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन आठ, पेशी लहान, लोह कमी. अशा वेळी दुर्बिणीने आतडं पाहायचं असतं. कागदाच्या कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलेलं असतं: लोहाच्या गोळ्या, तीन महिने.