ब्राह्मी नक्की कोणती?

आईने तेलासाठी ब्राह्मी मागितली, म्हणून मी ऐटीत नर्सरीतून कुंडी आणली आणि घरात वाद सुरू. आई म्हणते हीच ब्राह्मी. गावाहून आजी व्हिडिओ कॉलवर म्हणते, ही नव्हेच! खरं तर दोघी बरोबर. एकाच नावाचे दोन व्हेरिएबल. आमच्या कोडमध्ये असं कुणी केलं तर रिव्ह्यूतच अडकेल.

कुंडीतली होती मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. तिचं पान गोलसर, लांब देठावर. आजीची ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी. ही तळ्याकाठी, ओल्या गवतात, चिखलात सरपटत पसरते आणि पेरापेराला मुळं फोडते. पानं समोरासमोर, जाडसर, जवळजवळ बिनदेठाची, टोकाकडे रुंद. फूल दिसलं की प्रश्नच मिटला: पानाच्या बगलेतून बारीक दांड्यावर एकेकटं, 5 पाकळ्यांचं, पांढरं किंवा फिकट जांभळं, जेमतेम 1 सेंटिमीटर. मंडूकपर्णीची फुलं मात्र पानांखाली दडलेली, शोधावीच लागतात.

म्हणून फोटो नुसता वरून काढू नका हं. देठ, पेर, फूल वेगवेगळं घ्या, नाहीतर ॲप वाट्टेल ते सांगतं.

आणि सापडली म्हणून लगेच तोंडात टाकू नका! बाकोपा पाण्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू शोषून साठवते. आमच्या सोसायटीमागच्या नाल्याकाठी तिचा गालिचाच आहे. आजीला दाखवला. म्हणाली, "फूल हेच रे. पण तिथलं एक पान घरात आणू नकोस."