रिझर्व्हला लावली की बंद

कर्जत-खालापूर भागात मोटारसायकल किलोमीटरने म्हातारी होत नाही, पावसाळ्यांनी होते. जुनी गाडी घेताना शहरातला माणूस आधी मीटर बघतो. आमच्याकडचा जाणकार चेनच्या कव्हरवर बोटाने टकटक करतो, टाकीचं झाकण उघडून आत डोकावतो आणि मागचा ब्रेक दाबून सोडतो. पेडल झटकन वर आलं नाही, तर भाव तिथल्या तिथे उतरतो. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खाचरांच्या कडेने जाणारे रस्ते, पुरात बुडणारे सखल पूल. पत्रा, रबर, तांबं, ग्रीस, प्रत्येकाशी पाण्याचं वैर निराळं. त्यामुळे इथे घरी गाडी दुरुस्त करायची म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ पाणी कुठून शिरलं याचा माग काढायचा.

माझी गाडी २००२ची हीरो होंडा स्प्लेंडर. नंबर एमएच-०६, पेणच्या आरटीओचा. पंधरा वर्षं झाल्यावर २०१७ला नोंदणीचं नूतनीकरण केलं, ते पाच वर्षांपुरतं असतं, म्हणून २०२२ला पुन्हा केलं. आता नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागली आहे. गाडीवरचा सगळ्यात नवा भाग तोच.

हे इंजिन मुळात १९८५च्या सीडी-१०० या गाडीतून आलं: ९७.२ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. स्प्लेंडर १९९४ची. पुढे दोन कंपन्यांची भागीदारी संपली, टाकीवरचं नाव बदललं, पण इंजिनाची घडण चालू राहिली. याचा फायदा गाडी उघडून बसल्यावर कळतो. क्लच प्लेट कर्जतला मिळते, नेरळला मिळते, खोपोलीला मिळते. यझदीवाल्याचं तसं नाही. यझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला, तेव्हापासून एकेका वस्तूसाठी त्याला ओळखी काढाव्या लागतात. जुन्या गाडीवर प्रेम कुणीही करावं. पण पार्ट मिळत नसतील तर ती पडवीत उभी राहते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात.

गेल्या जुलैत गाडीने एक खोड काढली. एरवी छान चाले. पेट्रोल कमी झालं, कॉक रिझर्व्हला फिरवला, की थोडं अंतर जाऊन मिसिंग मारायची, दोन-तीन झटके द्यायची आणि बंद. पेट्रोल भरून कॉक मेनला आणला की जरा कुरकुर करून पुन्हा व्यवस्थित. गावात याचं निदान करायला माणसांचा तुटवडा नसतो. एक म्हणाला प्लग बदल. दुसरा म्हणाला कॉइल तापते. तिसऱ्याने थेट सीडीआयवर बोट ठेवलं. जुन्या गाडीचं खरं नुकसान इथेच होतं: एका दुपारी प्लग, कॉइल, सीडीआय तिन्ही बदलायचे, त्यातल्या एखाद्याने गाडी सुरू होते, पण कशाने झाली हे कळत नाही. आणि जे कळलं नाही ते पुढच्या पावसाळ्यात परत येतं.

बंद पडलेल्या गाडीला तीनच प्रश्न विचारायचे असतात. पेट्रोल येतंय का, करंट येतोय का, कॉम्प्रेशन आहे का. ते विचारायचे कुठे, तर जिथे गाडी बंद पडली तिथेच. अधूनमधून येणारा बिघाड घरी आणला की तो घरी दिसत नाही. म्हणून प्लग पाना, पेचकस, चिंधी आणि रिकामी पारदर्शक बाटली सीटखालच्या पिशवीत ठेवून मी मुद्दाम कमी पेट्रोलवर निघालो. कर्जत-खोपोली रस्त्यावर पळसदरीच्या पुढे तिने अपेक्षेप्रमाणे मान टाकली.

आधी करंट. प्लग काढून परत कॅपमध्ये बसवायचा, त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचे, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. किक मारली. निळा, कडक ठिणगा. म्हणजे कॉइल, सीडीआय आणि प्लग तिघेही निर्दोष. प्लग परत लावून किक हाताने दाबून पाहिली, तर मधेच अडत होती. म्हणजे कॉम्प्रेशन आहे. उरलं पेट्रोल.

इथे बहुतेक जण नळी उपसतात, पेट्रोल वाहताना दिसलं की पुढे जातात. नळीतून काहीतरी ओलं वाहतंय एवढंच त्यातून कळतं. मी कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला आणि जे आलं ते बाटलीत धरलं. वर पेट्रोल, खाली पाऱ्यासारखे गोळे होऊन फिरणारं पाणी.

रिझर्व्हचं कोडं तिथे सुटलं. टाकीच्या कॉकला आत दोन तोंडं असतात. मेनचं तोंड उंच नळीवर, रिझर्व्हचं जवळजवळ तळाशी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं, गंजाची पूडही तिथेच. कॉक मेनला असेपर्यंत उंच नळी वरचं स्वच्छ पेट्रोल ओढते आणि खालचा गाळ हलत नाही. रिझर्व्हला फिरवलं की इंजिनाला पहिला घोट पाण्याचा.

पाणी आलं कुठून? एक वाट झाकणाच्या रबरातून. वीस-बावीस वर्षांचं रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात, उभ्या गाडीवर रात्रभर पाऊस पडला की थेंब थेंब आत. दुसरी वाट हवेतून. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि रात्री थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं. त्यात आता इथेनॉल. जून २०२२मध्ये देशात पेट्रोलमधलं मिश्रण दहा टक्क्यांवर पोचलं, २०२५पर्यंत वीस टक्क्यांवर. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी असेल तर ते विरघळून इंजिनातून निघूनही जातं, हा त्याचा गुणच म्हणायचा. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. जी गाडी रोज पळते तिला याचा त्रास कमी. भाताच्या आवणीच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस पडवीत उभी राहणाऱ्या गाडीला जास्त.

इथेनॉलचा आणखी एक परिणाम कार्बोरेटरवाल्या गाडीवर होतो. साध्या पेट्रोलला एका भागामागे सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९च्या आसपास. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. जेटच्या भोकाला ते समजायचं कारण नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. प्लग काढून बघितला तर टोक बदामी-तपकिरी हवं, ते पांढुरकं दिसू लागतं, आणि सकाळी चोकशिवाय गाडी उठत नाही. स्लोचं सेटिंग थोडं बदललं की बरंचसं निभावतं.

टाकी उतरवली. कॉक काढून जाळी धुतली. टाकीत मूठभर जुने नट आणि थोडं पेट्रोल घालून दोन्ही हातांनी हलवत बसलो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा इलाज नाही. पहिलं पेट्रोल विटकरी निघतं, मग चहाच्या रंगाचं, मग कधीतरी स्वच्छ. धुतलेली टाकी वाळवायची, तर कर्जतला जुलैत ऊन कुठलं? चुलीची ऊब, दिवा, पेटता काहीही प्रकार या टाकीच्या जवळ आणायचा नाही, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते. उघड्या पडवीत वाऱ्यावर ठेवली आणि वास पूर्ण गेल्यावर लांबून टेबल फॅन लावला. "अहो, पंखा टाकीला आणि आम्ही बसायचं घामात?" असा आतून प्रश्न आला, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवं रबर, नवी नळी, मध्ये छोटा फिल्टर. गाडी रिझर्व्हवर खोपोलीला जाऊन आली.

टाकीचं पाणी निदान बाटलीत दिसतं. बाकीचं पाणी लपून काम करतं. प्लग कॅपमध्ये शिरलेली ओल पकडायची असेल तर रात्री अंगणातला दिवा बंद करून गाडी सुरू करावी आणि कॉइलच्या वायरकडे बघावं. करंट फुटत असेल तर निळ्या ठिणग्या इंजिनाकडे उडताना दिसतात. कॅप फिरवून काढायची, वायरचं हिरवं पडलेलं टोक अर्धा सेंटीमीटर कापायचं, कॅप परत आटून बसवायची. एका पैशाचा खर्च नाही. कपलर आणि चासीवरच्या अर्थिंगचंही तेच: काढा, पॉलिश पेपरने घासा, लावा. लाइट मंद होणं, हॉर्न घोगरा होणं, इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागणं, यातल्या बऱ्याच तक्रारी अर्थिंगच्या एका गंजलेल्या बोल्टमध्ये निघतात.

चेनला पूर्ण कव्हर असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात. शेताच्या रस्त्यावर ते कव्हर चिखल बाहेर ठेवतं तसं आतही धरून ठेवतं. पावसाळ्यात ते खोलून धुवावं, चेनला नव्वद नंबरचं ऑइल द्यावं, आणि हे करताना चाक हाताने फिरवावं. इंजिन चालू ठेवून चेनला चिंधी लावणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. ढील मध्यावर साधारण दोन-अडीच सेंटीमीटर. चेन जोडताना लॉकचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं. उलटं बसवलं तर ते एखाद्या दिवशी निसटतं.

ब्रेकची तऱ्हा वेगळी. सखल पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जातं आणि पुढच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये ब्रेक नावालाच उरतो. हलका दाबून धरत चालवलं की लायनर सुकतात. पण आतला कॅम गंजला तर ब्रेक दाबला जातो, सुटत नाही. चाक काढून कॅमला चिमूटभर ग्रीस, लायनरला मात्र त्याचा स्पर्शही नको. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. नेरळहून माथेरानला दस्तुरीपर्यंत जाणाऱ्या घाटात उतरताना या सगळ्याची परीक्षा होते. एक्स्प्रेसवे दुचाकीला बंद, म्हणून पुण्याकडे जाताना खोपोलीवरून शिंग्रोबाच्या घाटाने जावं लागतं, तिथे चढताना क्लचची.

ऑइल ९०० मिलिलिटर लागतं. या इंजिनाला कागदाचा फिल्टर नाही. जाळी असते, आणि फिरणाऱ्या भांड्यात घाण कडेला फेकली जाऊन चिकटते. म्हणून ऑइल वेळेवर बदलणं हाच फिल्टर. निघालेलं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी. कर्जत स्टेशनपर्यंत जायचं, लोकल पकडायची, संध्याकाळी परत यायचं, एवढ्याच फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्येच राहते. बदलून काढलेलं काळं ऑइल ओढ्याला ओतू नये. तो ओढा उल्हास नदीला जातो आणि बदलापूरकर ते पाणी पितात.

टॅपेट घरी करता येतात, इंजिन पूर्ण थंड असेल तर. मॅग्नेटवरची टी खूण खिडकीत आणायची आणि दोन्ही रॉकर हाताला सैल लागतात का बघायचं. लागत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा, कारण दर दोन फेऱ्यांत ती खूण एकदाच कामाची असते. फिलर गेजचं पातळ पान घासत सरकलं पाहिजे. आमचे मेस्त्री टॅपेटचा थोडा आवाज राहू देतात. आवाज करणारा टॅपेट फक्त कानाला त्रास देतो. घट्ट बसलेला गप्प राहतो आणि व्हॉल्व जाळतो.

आता एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो. सकाळी सुरू करताना भपकन आला आणि थांबला तर व्हॉल्व सील, रेस दिल्यावर येत राहिला तर रिंग. माझा रेस दिल्यावर येतो. बोअर करायला लेथ लागते, ते काम घरचं नाही. मेस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, तळवा बघितला आणि पँटला पुसला.

"काका, आत्ता नाही उघडत. हेड उघडलं आणि पाऊस आला तर आत गंज. दिवाळीनंतर आणा."

"तोवर चालेल?"

"चालेल. ऑइलची काडी बघत जा, आणि मागे कुणाला पांढरा शर्ट घालून बसवू नका."