मतमंडन, कॅथलिक

ख्रिस्ती श्रद्धेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना तर्क, इतिहास व धर्मग्रंथ यांच्या आधारे उत्तर देण्याच्या शास्त्रास मतमंडन म्हणतात. यासाठी योजला जाणारा मूळ ग्रीक शब्द ‘आपोलोगिया’ असा असून न्यायसभेत आरोपीने स्वतःच्या बाजूने केलेले निवेदन, हा त्याचा अर्थ होय. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्यास सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, असा उपदेश नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. पुढील मतमंडकांनी आपल्या कार्यास त्याचाच आधार घेतला. त्यातील सौम्यता मात्र सर्वांनीच पाळली असे नाही. सेल्सस या तत्त्वज्ञाच्या आक्षेपांना ऑरिजेनने इ. स. सु. २४८ मध्ये दिलेले उत्तर या प्रकारातील एक आद्य ग्रंथ होय. सेल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट झाला असून तो आज प्रतिपक्षाने दिलेल्या अवतरणांवरूनच ज्ञात आहे.

कॅथलिक मतमंडनाचे वैशिष्ट्य असे, की त्यात केवळ ग्रंथ हा अंतिम आधार मानला जात नाही. आधी श्रद्धावंतांचा समाज, म्हणजे चर्च, अस्तित्वात आला. नवा करार त्या समाजात लिहिला गेला व त्यातील ग्रंथ कोणते हे त्या समाजानेच ठरविले. म्हणून धर्मग्रंथ व परंपरा ही परस्परांपासून तोडता येत नाहीत, अशी ही भूमिका आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ मध्ये ग्रंथांची जी यादी निश्चित केली, तीनुसार कॅथलिक बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ते ६६ आहेत. जुन्या करारातील तोबित, यहुदिथ, मक्काबी इ. सात ग्रंथांचा हा फरक आहे.

बायबलच्या विश्वसनीयतेची चर्चा करताना तीन भिन्न प्रश्नांची वारंवार गल्लत होते. मूळ संहिता शुद्ध स्वरूपात हाती आली आहे काय, हा पहिला. तीत सांगितलेल्या घटना घडल्या काय, हा दुसरा. आणि त्या घटनांचा लावलेला धार्मिक अर्थ खरा काय, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत मतमंडकाची बाजू भक्कम आहे. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते नोंदली गेली आहेत. त्यांतील सायनाय व व्हॅटिकन येथील प्रसिद्ध प्रती चौथ्या शतकातील आहेत. मृत समुद्राकाठी १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांमुळे जुन्या कराराच्या हिब्रू संहितेचा पुरावा सु. एक हजार वर्षांनी मागे गेला. पाठभेद अर्थातच आहेत. मार्कच्या शुभवर्तमानातील शेवटच्या बारा ओव्या आणि व्यभिचारिणी स्त्रीची योहानातील कथा प्राचीनतम प्रतींत आढळत नाहीत, हे कॅथलिक अभ्यासकही मान्य करतात. महाराष्ट्रातील वाचकास यात नवल वाटू नये. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये रचली गेली. पाठभेद वाढल्याने एकनाथांना १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. त्यामुळे ग्रंथाचे मोल उणावले, असे कोणी म्हणत नाही.

तथापि प्रतींच्या विपुलतेवरून संहिता टिकून राहिल्याचे सिद्ध होते, घटना घडल्याचे नव्हे. लोकप्रिय मतमंडनपर लेखन येथेच घसरते. येशूला पाँतियस पायलटच्या कारकीर्दीत देहदंड झाला, हे टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या उल्लेखावरूनही कळते. पुनरुत्थानाचा निर्णय मात्र अशा उल्लेखांनी होत नाही. लूक येशूच्या जन्माचा संबंध क्विरिनियसच्या खानेसुमारीशी जोडतो, ती इ. स. ६ मधील, तर मत्तयानुसार जन्मकाळी राज्य करणारा हेरोद सामान्यतः इ. स. पू. ४ मध्ये मरण पावला असे मानतात. अशा विसंगती ओढूनताणून जुळविण्याऐवजी ग्रंथाचा वाङ्‌मयप्रकार लक्षात घ्यावा, असा मार्ग पोप बारावे पायस यांच्या १९४३ च्या परिपत्रकाने खुला केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) मानवाच्या तारणासाठी ईश्वराला जे सत्य नमूद करावयाचे होते, ते बायबल निर्दोषपणे शिकविते, अशी भूमिका मांडली.

मराठीतील कॅथलिक मतमंडनाचा आरंभ टॉमस स्टीव्हन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटापासून होतो. गोव्यातील राचोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या त्याच्या क्रिस्तपुराणात सु. अकरा हजार ओव्या आहेत. श्रोता मध्येच शंका काढतो व पाद्रीगुरू तिचे समाधान करतो, ही पुराणकथनाची रीत त्याने स्वीकारली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास तो कचरला नाही. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरवर रचलेले पुराण त्या मानाने खंडनपर आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि ही परंपरा खुंटली.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे प्रसिद्ध वाद प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांशी झाले : १८३१ मध्ये जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा, आणि १८५७ मध्ये समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचा. बायबलमधील चमत्कार ग्राह्य, तर पुराणांतील अग्राह्य का, या प्रश्नाचे सर्वांस पटेल असे उत्तर त्यांतून निघाले नाही. कॅथलिक बाजूने मराठी नियतकालिकाची सोय हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने १९०३ मध्ये सुरू केलेल्या निरोप्या मासिकाने झाली. वसईच्या सुवार्ता मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी सुबोध बायबल सिद्ध केले. त्यांचा भर वादापेक्षा संवादावर होता.

खानदेशात या विषयाला वेगळे वळण आहे. पश्चिम खानदेशातील आदिवासी भागात विसाव्या शतकात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेने काम केले. पूर्वेकडे रेल्वेमुळे भुसावळसारख्या ठिकाणी कॅथलिक कर्मचारी आले. धुळे, जळगाव व नंदुरबार हे जिल्हे १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळ्या झालेल्या नासिक धर्मप्रांतात मोडतात. साहजिकच येथील कॅथलिकास शेजारच्या ख्रिस्ती माणसाच्याच प्रश्नांना उत्तर द्यावे लागते : तुमच्या बायबलात सात ग्रंथ अधिक का, मरियेकडे मागणे का, प्रतिमा कशासाठी? आराधना केवळ ईश्वराची व प्रतिमेला केवळ सन्मान, हा निसिया येथील ७८७ च्या परिषदेने केलेला भेद त्याला सांगावा लागतो. मिशनऱ्यांनी मूर्तिपूजेवर उगारलेले शस्त्र कॅथलिकांवरही चालते, ही यातील खरी अडचण आहे. शिवाय घरात अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्यास ‘तारण’, ‘नीतिमत्त्व’ हे ग्रांथिक शब्द परके असतात आणि ‘करार’ म्हटले की त्याला सावकाराचा किंवा जमिनीचा कागद आठवतो. म्हणून येथे युक्तिवादाच्या आधी शब्दांचा अर्थ सांगावा लागतो.